फायर ऑथॉरिटीच्या नोटिशीविरुद्ध अपील: २१ दिवसांत काय करायचं आणि कोर्टात काय टिकतं

प्रश्न थोडक्यात असा. इंग्लंडमध्ये मिडलंड्सच्या एका गावात एक मराठी जोडपं थाळी रेस्टॉरंट चालवतं. इमारत व्हिक्टोरियन काळातली, रस्त्यालगतच्या ओळीतली, भाड्याची. खाली किचन आणि बसायची जागा, वर दोन मजले. वरच्या खोल्यांत किचनमध्ये काम करणारी तीन मुलं राहत होती. कोणीतरी तक्रार केली, संध्याकाळी फायर ऑफिसर आले आणि त्याच रात्री वरचे दोन्ही मजले झोपण्यासाठी वापरायला मनाई करणारी नोटीस हातात देऊन गेले. काही दिवसांनी दुसरी नोटीस आली, नऊ मुद्द्यांची, ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायच्या सुधारणांची. ताई विचारतात: कोर्टात अपील केलं तर नोटीस थांबेल का? अलार्म आम्ही लगेच बसवून घेतला, आता तरी नोटीस रद्द होईल ना? छताचं आणि मागच्या जिन्याचं काम घरमालकाचं असताना आम्ही का करायचं? आणि जिंकलो तर वकिलाचा खर्च परत मिळतो का?

ताई, मी इंग्लंडमध्ये सॉलिसिटर आहे आणि वीसेक वर्षं याच प्रकारच्या नोटिशी हाताळतोय, दुकानदारांच्या आणि हॉटेलवाल्यांच्या बाजूने. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही प्रती वाचल्या.

सगळ्यात आधी तारखा बघा. हे सगळं ज्या कायद्याखाली चालतं तो रेग्युलेटरी रिफॉर्म फायर सेफ्टी ऑर्डर, २००५. १ ऑक्टोबर २००६ पासून तो इंग्लंड आणि वेल्समध्ये लागू आहे. त्याच्या कलम ३५ खाली अपील करता येतं ते मॅजिस्ट्रेट कोर्टात, आणि नोटीस बजावल्यापासून २१ दिवसांच्या आत. तुमच्याकडे दोन नोटिशी आहेत, म्हणजे दोन वेगळी घड्याळं चालू आहेत, आणि मनाईच्या नोटिशीचं आधी संपणार आहे. बजावणीचा दिवस पहिला धरून मोजा, म्हणजे वादाला जागाच उरत नाही. शनिवार-रविवार त्यात मोजले जातात. मुदत वाढवून देण्याची सोय या कलमात नाही.

हे इतकं ठासून सांगायचं कारण म्हणजे माझ्याकडे दरवर्षी कोणीतरी चोविसाव्या-पंचविसाव्या दिवशी येतं. ऑफिसर भला माणूस होता, ईमेलवर बोलणं चालू होतं, 'बघू, चर्चा करू' असं चाललं होतं, म्हणून थांबलो, असं सांगतात. ऑफिसरशी बोलणं चालू असलं तरी घड्याळ थांबत नाही. बोलणी करा, जरूर करा, पण चौदाव्या दिवसापर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर अपील दाखल करा. दाखल केलेलं अपील नंतर मागे घेता येतं. न केलेलं अपील मुदतीनंतर करता येत नाही.

दुसरं, नोटीस नक्की कोणी दिली ते कागदाच्या डोक्यावर वाचा. तुमच्या दोन्ही नोटिशी फायर ऑथॉरिटीच्या, म्हणजे स्थानिक अग्निशमन यंत्रणेच्या आहेत. पण वर वेगवेगळ्या घरची मुलं एकत्र राहत होती, म्हणजे कौन्सिलचा, इथल्या पालिकेचा, हाउसिंग विभागही येऊ शकतो. अशा घरासाठी मनाई करण्याआधी शक्य असेल तर फायर ऑथॉरिटीने कौन्सिलला कळवायचं असतं. कौन्सिल नोटीस देते ती हाउसिंग ॲक्ट, २००४ खाली, आणि तिच्यावरचं अपील मॅजिस्ट्रेटकडे जात नाही, फर्स्ट-टियर ट्रिब्युनल नावाच्या न्यायाधिकरणाकडे जातं. तिथे सुधारणेच्या नोटिशीला २१ दिवस आणि मनाईच्या आदेशाला २८ दिवस असतात. चुकीच्या दारात अर्ज दिला आणि तोवर बरोबर दाराची मुदत संपली, असं झालेलं मी पाहिलंय.

आता तुमचा पहिला प्रश्न. भारतात वाढलेल्या आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की असते: कोर्टात गेलं की आधी स्टे. हायकोर्टात रिट टाकायची, पहिल्याच तारखेला स्थगिती मागायची, मग पुढचं पुढे. इथल्या कायद्यात स्थगितीचं उत्तर नोटिशीच्या प्रकारावर ठरतं, आणि तुमच्या दोन नोटिशींना दोन उलट उत्तरं आहेत.

नऊ मुद्द्यांची आहे ती एन्फोर्समेंट नोटीस, कलम ३० खालची. तिच्यावर अपील दाखल झालं की नोटीस आपोआप थांबते, अपिलाचा निकाल लागेपर्यंत किंवा तुम्ही ते मागे घेईपर्यंत. वेगळा अर्ज लागत नाही. मनाईची आहे ती प्रोहिबिशन नोटीस, कलम ३१ खालची. अपील केलं तरी ती चालूच राहते. ती थांबवायची असेल तर कोर्टाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि कोर्टाने आदेश दिला तर त्या क्षणापासून पुढेच ती थांबते. मागच्या दिवसांना संरक्षण मिळत नाही. आज अपील दाखल केलं आणि रात्री मुलं पुन्हा वर झोपली, तर तो गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही.

तो अर्ज करावा का? तुमच्या प्रकरणात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कलम ३१ ची कसोटी अशी की जागा तशीच वापरली तर माणसांना असलेला धोका इतका गंभीर आहे का, की वापर थांबवायलाच हवा. आणि त्यात खास बघायचं ते आग लागल्यावर माणसं बाहेर कशी पडणार हे. तुमच्या नकाशात वरचा जिना किचनच्या आत उतरतो. मागचं दार रात्री कडी लावून बंद असायचं, हे तुम्हीच लिहिलंय. आग लागण्याची सगळ्यात जास्त शक्यता जिथे, तिथूनच झोपलेल्या मुलांनी बाहेर पडायचं. हे ऐकल्यावर कोणताही मॅजिस्ट्रेट मनाई उठवणार नाही, आणि खरं सांगतो, उठवूही नये. १४ जून २०१७ च्या रात्री ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली. त्यानंतर या देशात झोपायच्या जागेबद्दल कोणी धोका पत्करत नाही.

मग ती नोटीस जाणार कशी? अपिलाने नाही, कामाने. प्रोहिबिशन नोटीस ऑथॉरिटी केव्हाही मागे घेऊ शकते. त्यात लिहिलेली कारणं दूर करा, फोटो आणि सर्टिफिकेटं जोडून लेखी कळवा, फेरतपासणी मागा. हा रस्ता कोर्टापेक्षा बहुतेक वेळा लवकर संपतो. आणि शब्द नीट वाचा. तुमच्या नोटिशीत मनाई झोपण्याला आहे, वरच्या खोल्या कोरड्या सामानाला वापरायला नाही. पण त्या खोल्यांत तेलाचे डबे आणि पुठ्ठ्याचे ढीग रचू नका. फेरतपासणीला ऑफिसर येईल तेव्हा आधी तेच दिसेल.

दुसरा प्रश्न, अलार्म बसवला तर नोटीस रद्द व्हायला हवी ना, यावर जरा जास्त बोलायला हवं. इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे, वकिलांमध्येसुद्धा.

अपिलात कोर्ट विचारतं ते असं: नोटीस दिली त्या दिवशी जागेची जी स्थिती होती, तिच्याकडे पाहता ती नोटीस योग्य होती का? तुम्ही नंतर काम केलंत, तर त्याने नोटीस त्या दिवशी चुकीची होती असं ठरत नाही. उलट नोटिशीने आपलं काम केलं असं ठरतं. त्यामुळे नवा अलार्म हा ऑथॉरिटीने नोटीस मागे घेण्याचा आधार आहे, कोर्टाने ती रद्द करण्याचा नाही.

पण त्या दिवशीची स्थिती खरोखर काय होती, याचा पुरावा मात्र नंतरचा चालतो. यावर इथल्या सुप्रीम कोर्टाचा २०१८ चा निकाल आहे, शेव्हरॉन नॉर्थ सी कंपनीच्या प्रकरणातला. समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर हेलिकॉप्टर उतरतं त्या डेककडे जाणारे लोखंडी जिने गंजलेत, धोकादायक आहेत, असं २०१३ मध्ये इन्स्पेक्टरला वाटलं आणि त्याने मनाई केली. कंपनीने नंतर ते लोखंड काढून प्रयोगशाळेत तपासलं तर ताकद पुरेशी निघाली. प्रश्न उभा राहिला: इन्स्पेक्टरकडे तेव्हा नसलेली ही माहिती अपिलात बघायची का? सुप्रीम कोर्टाने सांगितलं, बघायची. इन्स्पेक्टरच्या वागण्यावर ठपका ठेवायचा की नाही हा प्रश्नच नाही. धोका खरोखर होता का, हा प्रश्न आहे. तो निकाल फायर सेफ्टी ऑर्डरखालचा नाही, कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेच्या १९७४ च्या कायद्याखालचा आहे. पण दोन्हीकडे नोटीस कायम करायचा किंवा रद्द करायचा अधिकार सारख्या शब्दांत दिलेला आहे, म्हणून आम्ही तो आगीच्या अपिलांत वापरतो.

याचा तुमच्या छताशी थेट संबंध आहे. मुद्दा २ मध्ये लिहिलंय की किचनवरचं छत जुनं लाकडी पट्ट्या आणि प्लास्टरचं आहे, ६० मिनिटं आग अडवणार नाही, पूर्ण काढून नवं करा. तुम्ही म्हणता, आधीच्या भाडेकरूने कधीतरी बोर्ड लावले होते, पण कागद नाही.

अगदी असंच एक प्रकरण माझ्याकडे होतं. खाली टेकअवे, वर फ्लॅट, मध्ये चौकटीतल्या टाइल्सचं फॉल्स सीलिंग. ऑफिसरने भिंतीजवळची एक टाइल उचलली, वर जुनं तडे गेलेलं प्लास्टर दिसलं, आणि नोटीस निघाली: संपूर्ण छत बदला. आम्ही फायर इंजिनीअरला नेलं आणि एका सोमवारी, दुकान बंद असताना, सगळ्या टाइल्स उतरवल्या. दोन-तृतीयांश भागात गुलाबी फायरबोर्डचे दोन थर निघाले, सांधे भरलेले, नीट स्क्रू मारलेले. मागच्या भिंतीलगत, जिथे कधीतरी जुनी चिमणी पाडली होती, तिथे मीटरभर रुंदीची पट्टी उघडी होती, आणि ऑफिसरने नेमकी तीच टाइल उचलली होती. शिवाय सांडपाण्याचा पाइप वर जातो तिथे मूठ जाईल एवढं भोक. मी वर गेलो, खोलीतला दिवा बंद केला, तर त्या भोकातून खालच्या किचनची ट्यूबलाइट दिसत होती. मालकीणबाई म्हणाल्या, फोडणी दिली की वर सगळ्यांना ठसका लागतो. ज्या वाटेने फोडणीचा ठसका वर जातो त्याच वाटेने रात्री धूर जाणार, हे त्यांना तिथे उभं राहिल्यावरच कळलं.

आम्ही इंजिनीअरचा अहवाल, टाइल उतरवलेल्या प्रत्येक भागाचा क्रमांक घातलेला फोटो आणि बोर्डाचा कापून घेतलेला तुकडा ऑथॉरिटीपुढे ठेवला. सुनावणीच्या आधीच त्यांनी मान्य केलं आणि कोर्टाने नोटीस बदल करून कायम केली: पूर्ण छत नको, ती पट्टी आणि पाइपभोवतीची भोकं बंद करा. कलम ३५ मध्ये कोर्टाला नेमका हा अधिकार आहे. नोटीस रद्द करा, जशीच्या तशी कायम करा, किंवा योग्य वाटेल तो बदल करून कायम करा. माझ्या अनुभवात चांगली अपिलं बहुतेक तिसऱ्या प्रकारात संपतात, आणि तो विजयच आहे. त्या कुटुंबाचं किचन पूर्ण छतासाठी बंद ठेवावं लागलं नाही आणि वर झोपणारी माणसं खरोखर सुरक्षित झाली.

म्हणून तुमच्या टाइल्स उतरवा. अपिलाचा निर्णय त्यानंतर घ्या, पण २१ दिवसांच्या आत उतरवा. उतरवताना इंजिनीअर तिथे हजर असू दे. आधी स्वतः उतरवून मग त्याला बोलावलं, तर समोरचा वकील विचारणार की मधल्या दिवसांत बोर्ड लावले नाहीत कशावरून.

आता नऊ मुद्दे. नऊच्या नऊ लढवायचा मोह होतो. कृपा करून तसं करू नका. तुमच्या नोटिशीत माझ्या मते सहा मुद्दे बरोबर आहेत आणि ते आजपासून करायला घ्या. जोखीम मूल्यांकन, म्हणजे फायर रिस्क असेसमेंट, तुमच्याकडे लेखी नाही. 'पाचपेक्षा कमी कामगार असले तर लिहून ठेवायची गरज नाही' असं तुम्हाला कोणीतरी सांगितलं. ते जुनं झालं. १ ऑक्टोबर २०२३ पासून कामगार कितीही असोत, मूल्यांकन पूर्ण लिहून ठेवावं लागतं. जिन्याच्या तळाचं दार आग ३० मिनिटं अडवणारं, धूर अडवणारी पट्टी असलेलं हवं. आता आहे त्या दाराच्या फटीत एक पौंडाचं नाणं आडवं घालून बघा. नाणं साधारण २.८ मिलिमीटर जाडीचं असतं. ते सैल फिरत असेल तर फट मोठी आहे, त्यासाठी ऑफिसरशी वाद घालायला नको. अलार्म झाला आहे, पण खालच्या किचनमधला डिटेक्टर वरच्या खोल्यांतला भोंगा वाजवतो का, हे बसवणाऱ्याकडून लेखी घ्या. मागच्या दाराची कडी, आणीबाणीचे दिवे, धुराड्याच्या डक्टमधलं तेल, यात लढण्यासारखं काही नाही.

लढण्यासारखे तीन मुद्दे आहेत. छत, मुद्दा २, वर बोललो. मुद्दा ७, संपूर्ण रेस्टॉरंटमध्ये पाण्याची फवारणी करणारी यंत्रणा. आणि मुद्दा ९, मागचा सामाईक जिना.

मुद्दा ७ बद्दल. कायदा 'परिस्थितीत वाजवीपणे आवश्यक' अशी खबरदारी मागतो. सरकारी मार्गदर्शक पुस्तिका आणि ब्रिटिश स्टँडर्ड हे मोजमापाला धरायचे दाखले आहेत, कायदा नव्हेत. वर झोपणं कायमचं बंद करायचं तुम्ही ठरवलंत, तर फवारणीची गरज उरते का? किंवा जिना किचनपासून भिंतीने वेगळा करून थेट रस्त्यावर काढला तर? ऑथॉरिटीने नोटिशीत एकच उपाय लिहिलाय, पण कायदा त्यांना पर्याय देण्याची मुभा देतो. तुमच्या इंजिनीअरने दुसरा उपाय सविस्तर मांडला आणि तो तेवढाच सुरक्षित असेल, तर कोर्ट ऐकतं. इथे अजून एक वाट आहे. त्रुटी दोघांनाही मान्य, पण उपाय कोणता यावर मतभेद, अशा वेळी तुम्ही आणि ऑथॉरिटी मिळून कलम ३६ खाली तो प्रश्न सरकारच्या मंत्र्यांकडे निर्णयासाठी पाठवू शकता. त्यासाठी दोन्ही बाजूंची संमती लागते. निव्वळ तांत्रिक वादाला ही वाट चांगली आहे आणि वकील त्यातून बरेचसे बाहेर राहतात.

मुद्दा ९ आणि तुमचा घरमालक. कायद्यातला 'जबाबदार माणूस' कामाच्या जागी कामगार ठेवणारा मालक, म्हणजे तुम्ही, पण जागा तुमच्या ताब्यात आहे तेवढ्यापुरताच. भाडेकराराने दुरुस्तीची जबाबदारी ज्याच्यावर टाकलीय, त्याचाही त्या भागावर ताबा आहे असं कायदा धरतो. तेव्हा करार काढा. साध्या भाषेत 'छप्पर, बाहेरच्या भिंती, सामाईक जिने घरमालकाकडे' असं कलम असेल, तर सामाईक जिन्यासाठी फक्त तुमच्यावर नोटीस काढणं चूक आहे, आणि हा खरा अपिलाचा मुद्दा आहे. पण छताचं तसं नाही. दुकानांच्या करारात आतली संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूवर टाकलेली मी कित्येकदा पाहिलीय. आणि मुलांना वर झोपायला जागा तुम्ही दिली, घरमालकाने नाही. ते काम आपलं नव्हेच, असं कोर्टात म्हणू नका. घरमालकाला आजच लेखी कळवा, नोटिशीच्या प्रती जोडून. नोटीस सार्वजनिक नोंदवहीत जाते, तेव्हा त्याच्या विमा कंपनीला आणि बँकेलाही ती कधीतरी दिसणारच आहे. हे त्याला कळलं की बहुतेक घरमालक हलतात.

फक्त मुदत कमी पडतेय अशी तक्रार असेल तर मात्र अपील करू नका. एन्फोर्समेंट नोटिशीत किमान २८ दिवस द्यावेच लागतात, आणि ऑथॉरिटी ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवू शकते, पण अपील प्रलंबित नसेल तरच. कामाचे कोटेशन, ठेकेदाराची तारीख जोडून लेखी मागणी करा. प्रामाणिक मागणी नाकारलेली मी क्वचितच पाहिली आहे.

कोर्टात प्रत्यक्ष काय होतं ते थोडक्यात. अपील 'कंप्लेंट' म्हणून दाखल होतं, म्हणजे दिवाणी स्वरूपाचं. समोर तीन मानद मॅजिस्ट्रेट किंवा एक डिस्ट्रिक्ट जज असतात. ते इंजिनीअर नसतात. सगळं नव्याने ऐकलं जातं, साक्षी होतात, पण नोटीस चुकीची आहे हे दाखवायचं ओझं तुमच्यावर आहे, आणि फायर ऑफिसरने विचारपूर्वक लिहिलेल्या कारणांना वजन दिलं जातं. मी नेहमी एक मुद्देनिहाय तक्ता देतो: नोटिशीतलं वाक्य, आमचं उत्तर, फोटोचा क्रमांक, इंजिनीअरच्या अहवालातला परिच्छेद. मान्य असलेल्या सहा मुद्द्यांसमोर 'मान्य, अमुक तारखेला पूर्ण' असं लिहिलेलं असलं की उरलेल्या तिनांकडे कोर्ट वेगळ्या नजरेने बघतं. निकाल पटला नाही तर वरच्या, म्हणजे क्राउन कोर्टात अपील होतं, तेही २१ दिवसांत, आणि तो हक्क ऑथॉरिटीलाही आहे.

एक गोष्ट जपून. अपील आणि फौजदारी खटला हे दोन वेगळे रस्ते आहेत. ऑथॉरिटी नोटीस देऊन थांबेलच असं नाही. मुलांना गंभीर धोक्यात ठेवल्याबद्दल ती तुमच्यावर खटलाही भरू शकते, आणि अपिलात तुम्ही जे लिहून देता ते तिथे पुढे येऊ शकतं. एका मालकांनी अपिलात शपथेवर सांगितलं की वर कोणी झोपतच नाही. ऑथॉरिटीने फोटो काढला: तीन गाद्या, उशाशी चार्जर, खिडकीच्या कठड्यावर दात घासायचे ब्रश. अपील अर्ध्या तासात संपलं आणि तीच साक्ष पुढे खटल्यात त्यांच्यासमोर वाचली गेली. तुम्हाला 'ताकीद देऊन मुलाखत', म्हणजे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं अशी चौकशी, असं पत्र आलं तर एकट्या जाऊ नका, आणि मुलाखतीआधी अपिलातलं कोणतंही निवेदन सही करून देऊ नका.

आता खर्च. मॅजिस्ट्रेट कोर्टाला योग्य वाटेल तसा खर्चाचा आदेश करता येतो, पण सार्वजनिक यंत्रणेविरुद्ध जिंकलं म्हणून खर्च आपोआप मिळत नाही. २००० सालच्या ब्रॅडफर्ड कौन्सिल विरुद्ध बूथ या निकालापासून कोर्ट हे बघतं की यंत्रणा प्रामाणिकपणे, वाजवीपणे आणि सकृद्दर्शनी ठीक कारणांवर वागली का. वागली असेल तर साधारणपणे ज्याचा खर्च त्याने सोसायचा. मात्र खर्च परत न मिळाल्याने एखाद्या छोट्या धंद्याला बसणारा फटकाही कोर्ट लक्षात घेतं. म्हणून छताचा अहवाल हाती आला की त्याच दिवशी ऑथॉरिटीला पाठवा आणि मुद्दा २ बदलायला लेखी सांगा. त्यानंतरही ऑथॉरिटी ऐकत नसेल आणि कोर्टाने तुमचं मानलं, तर खर्च मागायला तुमच्या हातात तारखेचा कागद असतो. हरलात तर त्यांचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो, हेही गृहीत धरून तीनच मुद्दे लढवा.

मला पाठवायचं ते असं: दोन्ही नोटिशींचे लिफाफे किंवा ईमेल, ज्यावर बजावणीची तारीख आहे, पूर्ण भाडेकरार, परिशिष्टांसकट, अलार्म बसवणाऱ्याचं सर्टिफिकेट, घरमालकाशी झालेला सगळा पत्रव्यवहार. आणि एक काम तुम्ही आणि तुमचे यजमान मिळून करा. किचन बंद झाल्यावर, रात्री, दिवे मालवून, वरच्या मजल्यावरच्या मागच्या खोलीतून रस्त्यापर्यंत चालत या, घड्याळ लावून. कोणत्या दारापाशी थांबावं लागलं, कडी कुठल्या हाताने उघडली, कशाला अडखळलात, ते त्याच रात्री लिहून ठेवा. मुलांनाही विचारा, ती रोज त्या अंधारात उतरत होती. तोवर त्यांची राहायची सोय दुसरीकडे करा, भाडं तुम्ही भरा, आणि त्या पावत्या जपून ठेवा.